मिसाईल कोण वाया घालवेल?

आमच्या घरात मला दोन माणसं ‘भावोजी’ म्हणतात. एक वहिनी, म्हणजे दादाची बायको. ती मानाने म्हणते. दुसरे माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. तेही म्हणतात, पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला की घासात काटा लागल्यासारखा मी जपून गिळतो. मेहुणे हवाई दलातून निवृत्त झाले. विमान त्यांनी कधी चालवलं नाही. ते भांडारात होते. नट, बोल्ट, टायर आणि रंगाचे डबे सही घेऊन देत. पण पनवेलच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि आकाशात काहीही उडालं की त्यांचं मत विचारतात. मला कुणी मत विचारत नाही. मी अलिबागच्या एका कचेरीत खुर्ची झिजवतो आणि घरात गोष्टी सांगतो. गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आलं, कारण नारळ उतरवून घ्यायचं आणि वाडीतल्या शिंपणावर लक्ष ठेवायचं खातं मला झेपत नाही, हे फार लवकर सिद्ध झालं.

त्या वर्षी आखातात पेटलं होतं आणि दादाचा मुलगा तिथल्या एका बंदरात अडकला होता. बोटीवर चौथा इंजिनियर. बोट जुनी, सिमेंट वाहणारी, गंजावर रंग चढवून चढवून उभी ठेवलेली. आकाशातून रोज कुठे ना कुठे मारा चालू होता. माल उतरून बोट रिकामी झाली तरी बाहेर पडायचं कुणी नाव काढत नव्हतं. मग कंपनीने ठरवलं, निघायचं. ज्या चिंचोळ्या समुद्रातून जायचं, तिथेच बोटींवर हल्ले होत होते, म्हणून प्रत्येकाला विचारलं गेलं: येणार की उतरणार? उतरेल त्याला बसने दुसऱ्या शहरात नेऊन विमानाने घरी धाडणार. उत्तर द्यायचं होतं नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळपर्यंत. कंपनीच्या कॅलेंडरात ती नारळी पौर्णिमा नव्हती, हे उघड आहे. आमच्या होती.

तर त्या दिवशी मेहुणे राखी बांधून घ्यायला आले होते. आमच्याकडे दर्याला नारळ वाहून झाला की मागच्या वाडीत नारळ लढवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर टोला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याच्या टोपलीत. हे ऐकायला रानटी वाटतं, पण यात शास्त्र आहे. खायचा नारळ वेगळा, लढवायचा वेगळा. लढवायचा नारळ जाड करवंटीचा, दगडासारखा. तो लोक कुठून कुठून शोधून आणतात, टिचक्या मारून आवाज ऐकतात, हवी ती किंमत मोजतात. असा नारळ पहिल्याच पोराच्या फडतूस नारळावर खर्च करायचा नसतो. तो दाबून ठेवायचा. माझा नारळ दरवर्षी पहिल्या टोल्याला फुटतो. माझ्याशी लढायला लोक रांग लावतात.

त्या वर्षी मात्र नारळापेक्षा पडवीतला टीव्ही जोरात होता. पडद्यावर कोट घातलेला एक माणूस उभा राहून विमानाच्या चित्राला काठी लावत होता. विमानाखाली दोन वस्तू दाखवल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली तिची किंमत, मॉलमधल्या शर्टाला चिठ्ठी असते तशी. दादा दिवसाला एखादंच वाक्य बोलतो. त्याने ते तिथे खर्च केलं.

“एवढं महाग मिसाईल कशाला? साधे बॉम्ब आहेत की ढिगाने.”

मेहुणे खुर्चीत सरसावले. “दादा, तो स्टँड-ऑफ वेपन आणि प्रिसिजन म्युनिशन यांच्या मिक्सचा प्रश्न आहे. डिफेन्स सप्रेस केल्याशिवाय—”

“मराठीत,” वहिनी म्हणाली. ती खाली विळीवर नारळीभातासाठी खोबरं खवत होती. फोन तिच्या शेजारी, पाटावर, पालथा नाही, उताणा.

आता गोष्टीचं खातं माझं. मी संधी कशी सोडणार? मी दोन नारळ हातात घेतले आणि उभा राहिलो.

“सोपं आहे. समजा, समोरच्याकडे चार नारळ दगडासारखे आहेत, बाकी टोपलीभर मऊ. आपण साधा नारळ घेऊन गेलो तर आपलाच फुटणार. म्हणून आधी आपले महागाचे काढायचे. ते लांबून उडतात, आपलं विमान दूरच्या दूर राहतं. त्यांनी त्याचे चार दगड फोडायचे, म्हणजे त्याचे रडार आणि विमानं पाडायचे तोफखाने. ते फुटले की अडवायला कोण उरलं? मग आपल्याकडचा कुठलाही नारळ चालतो. स्वस्तातला बॉम्ब, त्याला पंख आणि जरा अक्कल बसवलेली. विमान निवांत जवळ न्यायचं आणि सोडत बसायचं. आधी महाग, मग स्वस्त!”

अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव यशस्वी भाषण. मेहुण्यांना ते झोंबलं असणार, कारण त्यांनी लगेच माझी उपमा ताब्यात घेतली.

“भावोजींनी अर्धंच सांगितलं. महागाचे पहिल्या आठवड्यातच उडवून बसलात तर? ते बनायला वर्षं लागतात. भांडार रिकामं, आणि तिसराच कुणी शेजारी दंड थोपटून उभा! आणि कंजूषपणा करून स्वस्त बॉम्ब लवकर काढले, तर विमान जवळ न्यावं लागणार. मग विमान गेलं, पायलट गेला. तोल सांभाळायचा असतो. परवडणारा मारा, भावोजी, परवडणारा मारा!”

परवडणारा. हा शब्द मी अलिबागच्या बाजारात भेंडीच्या ढिगापाशी रोज ऐकतो. तिथे तो बरा वाटतो.

“आणि त्या मऊ नारळांचं काय?” वहिनीने विळीवरून विचारलं.

“कुठल्या?” मेहुणे म्हणाले.

“समोरच्याच्या टोपलीतले. बाकीचे.”

“ते फुटतात,” मेहुणे म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुपारची जेवणं व्हायच्या आधी पोराचा व्हिडिओ कॉल आला. वहिनीच्या हाताला खोबरं होतं, म्हणून फोन दादाने उचलला, दादाला बोलता येईना म्हणून मी घेतला, आणि मेहुण्यांनी माझ्या खांद्यावरून मान आत घातली. त्या छोट्या चौकटीत पोराचा चेहरा उतरलेला दिसत होता. बरेच दिवस त्याने दाढी केलेली नव्हती. तो म्हणाला, संध्याकाळी सही करायची आहे, कॅप्टन सगळ्यांना एकेक करून बोलावतोय. तुम्हाला काय वाटतं?

वहिनी हात धुवायला गेली होती. तेवढ्यात मेहुण्यांनी उत्तर दिलं.

“अरे, बिनधास्त हो म्हण! कंपनीत नाव होईल. तुझ्या बोटीची भंगारात किंमत काय? त्यांचं एक महागडं मिसाईल त्याच्यापेक्षा महाग असेल. तुमच्या डबड्यावर ते कोण वाया घालवेल? आणि स्वस्त बॉम्ब टाकायचा तर विमान समुद्रावर जवळ आणावं लागणार. एका रिकाम्या बोटीसाठी विमान कोण धोक्यात घालतो? म्हणजे बघ, महागाला तू परवडत नाहीस आणि स्वस्ताला तू सापडत नाहीस. तुझ्याइतकी सुरक्षित जागा नाही!”

आणि आम्ही माना डोलावल्या. दादाने डोलावली, शेजाऱ्यांनी डोलावली, माझीही हलली. यात दुष्टपणा नव्हता, हे मला सांगायला हवं. आमच्या घरात नारळातलं काहीही वाया जात नाही. सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, काथ्या होतो, करवंटीची पळी होते नाहीतर ती चुलीत जाते, झावळ्या विणून छपराला झाप होतो, पात्यांच्या हिरांचे खराटे होतात, आणि खोबरं खवून झाल्यावर वहिनी विळीसुद्धा पाण्याने धुऊन ते पाणी आमटीत घालते. अशा घरात वाढलेल्या माणसाला कुणी काही फुकट उधळेल हे पटतच नाही. युद्ध करणारी माणसंही आपल्यासारखीच कोकणातली काटकसरी, हिशेबाने हात आखडता घेणारी असतील, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो होतो. एवढी ढोबळ चूक फक्त वाडीवालेच करू शकतात.

पोरगा आणि वहिनी मेहुण्यांना मामाच म्हणतात. पोरगा म्हणाला, “मामा, परवा आमच्या पलीकडे मेंढ्यांची बोट होती.”

“कसली?”

“मेंढ्या नेणारी. जिवंत. आमच्याहून जुनी. तिच्यावर पडलं.”

माझ्या खांद्यावरून मेहुण्यांची मान आणखी आत आली.

“मेंढ्या अजून पाण्यावर आहेत,” तो म्हणाला. “फुगल्यात. भरतीला आमच्या बोटीला येऊन लागतात. इंजिनाच्या थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीत लोकर अडकते, ती मी काढतो. वास जेवणाला येतो. आम्ही दारं बंद करून जेवतो, तरी येतो.”

“पण पडलं कुठलं?” मेहुण्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरी जिज्ञासा होती. “महागातलं की पंखवालं? महागातलं असेल तर नेम चुकलेला असणार. स्वस्तातलं असेल तर मात्र विषय वेगळा, म्हणजे आता विमानं जवळ येतायत, म्हणजे तिथलं—”

“मामा, खालून किंमत दिसत नाही.”

कुठल्याही भल्या माणसाने इथे थांबावं. मेहुणे थांबले नाहीत. त्यांच्या आतला भांडारवाला जागा झाला होता. त्यांनी चुटकी वाजवली.

“मुदत! मुदत संपत आलेली असणार! मिसाईललासुद्धा मुदत असते, औषधासारखी. जुना माल आधी काढायचा, हा भांडाराचा पहिला नियम. नाहीतर फेकूनच द्यावं लागतं. म्हणून मेंढ्यांवर टाकलं. म्हणजे वाया नाहीच गेलं ते!”

त्यांचा चेहरा फुलला होता. कोडं सुटल्याचा आनंद. आणि मला स्वयंपाकघरातून खोबऱ्याचा, गुळाचा, वेलदोड्याचा सणाचा वास आला आणि तो नकोसा झाला. त्यांची शिसारी आली, हे लिहायला सोपं आहे. पण मघाशी दोन नारळ हातात घेऊन अंगणाला शिकवणी कुणी दिली होती? टाळ्या कुणी घेतल्या होत्या? माझी उपमाच चालत चालत त्या बंदरापर्यंत गेली होती आणि तिथे तिला काहीच अडलं नव्हतं. टीव्हीवर तो कोटवाला अजून बोलत होता. “किफायतशीर,” तो म्हणाला. मी जाऊन टीव्ही बंद केला. माझ्या हाताला बटण सापडायला वेळ लागला, म्हणजे रागही मला धड दाखवता येत नाही.

वहिनी हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. मोरी काही तेवढी लांब नाही.

“द्या तो फोन,” ती म्हणाली. मग मेहुण्यांकडे न बघता त्यांनाच म्हणाली, “मामा, माझा मुलगा स्वस्त आहे म्हणून वाचेल, हे माझ्या घरात पुन्हा बोलायचं नाही.”

“अहो, मी त्याच्या भल्यासाठी—”

“भात झालाय. जेवायला बसा.”

फोन तिने तोंडासमोर धरला. “तुला यायचंय का नाही, ते सांग. त्या विमानवाल्यांच्या मनात काय आहे ते नको. तुझ्या मनात काय आहे?”

“यायचंय, आई.”

“मग?”

“मी नाही म्हटलं तर माझ्या हाताखालच्या ऑइलरचं काय? तो आपल्या दिघीचा आहे. मी सांगतो तेव्हा तो मशीनला तेलपाणी करतो, मी वर येतो तेव्हा तो खाली असतो. त्यालाही नाही म्हणता येतं, कागदावर येतं. पण त्याच्या एजंटाने फोन करून सांगितलंय, उतरलास तर पुढची बोट मिळायची नाही.”

“तो कुठाय?”

पोराने फोन वळवला. बनियन घातलेला एक काळासावळा माणूस चहाचा पेला घेऊन बसला होता. तो एकदम उठून उभा राहिला.

“दिघीला कुणाकडचा रे तू?” वहिनीने विचारलं. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न, पण आमच्याकडे ओळख पटल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

“जेटीच्या मागं घर हाय, काकी.”

“घरी विचारलंस?”

“बायको बोलली या. पन एजंट—”

“एजंट बोटीवर येतोय का तुमच्याबरोबर?”

तो हसला. “न्हाय.”

“मग त्याचं कशाला ऐकता? दोघांनी मिळून जा कॅप्टनकडे. एकेकटे जाऊ नका. एकट्याला दटावतात, दोघं असली की निदान बसा तरी म्हणतात. पुढच्या बोटीचं पुढे बघू. तुमचे एजंट आगरदांड्यालाच बसतात ना, तिथे जाऊन मी त्याच्याशी बोलेन.”

“व्हय, काकी,” तो म्हणाला. त्या एजंटाची मला दया आली.

दोघंही नाही म्हणाले. त्यांच्यामागून आणखी काहीजण म्हणाले. बस कुठल्याशा वाळवंटातून गेली, विमान उशिरा उडालं, आणि पोरगा मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरला तेव्हा वहिनी जेटीवर छत्री घेऊन उभी होती. पाऊस नव्हता. तिने छत्री तरीही मिटली नाही. त्याच्याबरोबर दिघीवालाही होता. वहिनीने त्याला आधी आमच्याकडे नेऊन जेवू घातलं आणि मगच एसटीत बसवलं. मला वाटलं, इथे गोष्ट संपली. गोष्टीवाल्याला गोष्ट लवकर संपल्यासारखी वाटते, हा त्याचा धंद्यातला दोष.

पण पोरगा घरी येऊनही आला नव्हता. उतरलेल्यांच्या जागी कंपनीने दुसरीकडून माणसं आणली आणि बोट निघाली. याच्या केबिनमध्ये आता दुसरा चौथा इंजिनियर होता, कुठल्या देशाचा तेही याला नीट माहीत नव्हतं. त्याने कुणाकडून तरी याचा नंबर मिळवून विचारलं होतं, की थंडाव्याचा पंप सारखा गरम होतो, काय करू? याने त्याला सविस्तर लिहून पाठवलं: जाळीत लोकर अडकते, दर पाळीला काढ, हातमोजे घाल. त्यावर उत्तर आलं नव्हतं. पोरगा अंगणात बसायचा, फोन बघायचा, उठायचा. जेवणात त्याचं लक्ष नसायचं. तो नवा इंजिनियर बिचारा आता त्या चिंचोळ्या पाण्यात असणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

अशा एका रविवारी मेहुणे पुन्हा आले. पोराला बघायला म्हणून आले, बरोबर पेढे आणले. श्रावण होता म्हणून वालाचं बिरडं होतं. मेहुणे पहिला घास घेऊन म्हणाले,

“ती तुझी बोट निघाली का नाही बाहेर? मी मोबाइलवर बघितलं. बोटींची खूण दिसते त्यात. सुखरूप बाहेर! मी म्हटलं होतं, कोण वाया घालवेल? उगाच उतरलास. नाव झालं असतं.”

“ती खूण जुनी आहे, मामा,” पोरगा म्हणाला. “तिथे बोटी आपली खूण बंद करून जातात.”

“असं होय,” मेहुणे म्हणाले आणि भाताचं आळं करू लागले.

आणि तेवढ्यात फोन वाजला. असं लिहिलं की लोकांना खोटं वाटतं, पण दिवसभर फोनकडे बघत बसणाऱ्या माणसाचा फोन कधी ना कधी जेवतानाच वाजतो. पोराने उष्ट्या हाताने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“काय?” वहिनी म्हणाली.

“पंप गरम होतोय म्हणतो. पण आता कमी. लोकर निघाली.” त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “बाहेर आलेत ते.”

दादाने पाण्याचं भांडं उचललं आणि न पिता ठेवलं. मेहुण्यांनी टेबलावर बोट आपटलं.

“बघा!”

मेहुणे बरोबर ठरले होते. ते चुकले असते तर मला त्यांचा इतका वीट आला नसता. त्यांचा हिशेब पक्का होता, त्यात बोटीवरची माणसं सोडून सगळं धरलेलं होतं, आणि उत्तर बरोबर आलं होतं. आता ते हे पनवेलच्या सोसायटीत सांगणार, तिथे लोक माना डोलावणार. आणि ज्या दिवशी उत्तर चुकेल त्या दिवशी ते म्हणणार, मुदत संपत आलेली असणार. अशा माणसाला हरवता येत नाही. त्याच्याशी जेवायला बसावं लागतं, कारण तो बायकोचा भाऊ असतो आणि पेढे चांगल्या दुकानातले आणतो.

“काय बघा?” वहिनी म्हणाली.

मेहुण्यांनी पुढचा घास घेतला.

ती पोराच्या शेजारी येऊन उभी राहिली. “त्याला विचार, घरी कोण कोण असतं.”

“कशाला?” मेहुण्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. “त्याचा काय संबंध?”

पोराने डाव्या हाताने एक एक अक्षर दाबत लिहायला सुरुवात केली. वहिनी वाकून बघत होती. इंग्रजी तिला वाचता येतं, पण सावकाश. मेहुण्यांच्या पानातलं बिरडं संपलं होतं आणि त्यांनी पातेल्याकडे बघितलं. वहिनीचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच उठलो आणि वाढलं, आणि अर्थातच थोडं त्यांच्या शर्टावर सांडलं.